वस्तऱ्याला लेप कोणता लावावा?

(श्रीसंत सेनामहाराजांच्या पुण्यतिथीनिमित्त)



श्रावण वद्य द्वादशी ही श्रीसंत सेनामहाराजांची पुण्यतिथी. या दिवशी वैनगंगेच्या काठच्या एका गावी कीर्तनसेवा करण्याचा आमचा बरेच वर्षांचा नेम आहे. महाराजांचे चरित्र आपणां सर्वांस ठाऊकच आहे. परंपरा सांगते की ते बांधवगडच्या राजाचे न्हावी. एके दिवशी पूजेत रंगून गेले, राजवाड्यात जाण्याची वेळ टळली, तेव्हा पांडुरंगाने सेन्याचे रूप घेतले, धोकटी काखेत मारली आणि राजाची हजामत करून आला. तेलाच्या वाटीत राजाला चतुर्भुज रूप दिसले. ही कथा प्रत्येक कीर्तनकार सांगतो, आम्हीही सांगतो.

परंतु सांगताना एक गोष्ट आमच्याकडून वर्षानुवर्षे निसटत होती. देवाने धोकटी उचलली म्हणजे धोकटीतला वस्तराही उचलला. तो राजाच्या गळ्यावरून फिरायचा होता. त्याची धार देवाने ऐन वेळी लावली असे कोणी सांगत नाही. आम्ही असे समजतो की ती सेनामहाराजांनी आदल्या दिवशीच लावून ठेविली होती. भक्त पूजेत बसला, पण त्याचे हत्यार तयार होते. म्हणून देवाला त्याच्या जागी उभे राहता आले.

ही धार कशी राखतात आणि त्यासाठी चामोट्यावर कोणता लेप लावतात, हा या महिन्याच्या निरूपणाचा विषय आहे. कोणी म्हणेल, बुवा आता परमार्थ सोडून न्हाव्याच्या दुकानात शिरले! तर त्यांनी थोडा धीर धरावा. सेनामहाराजांनी स्वतःच आपल्या धंद्याची हत्यारे अभंगात आणून परमार्थाला लावली आहेत. कठोपनिषदाच्या तिसऱ्या वल्लीत आत्मज्ञानाच्या वाटेला वस्तऱ्याच्या धारेची उपमा दिली आहे, आणि त्या धारेला ‘निशित’ असे विशेषण आहे. हा शब्द ‘शो’ धातूपासून होतो. शो म्हणजे बारीक करणे, पातळ करणे. धार लावणे म्हणजे हत्याराला काही नवे चिकटवणे नव्हे; आहे तेच घासून घासून पातळ करणे. आता हे घासणे किती, आणि कशाने, हाच प्रश्न उरतो.

तो प्रश्न आम्हांला पाठशाळेत कळला नाही. तो एका आठवडी बाजारात, पिंपळाखाली पोते अंथरून बसलेल्या एका म्हाताऱ्या नाभिकाने शिकविला. ती हकीकत आमच्या लाजेची आहे; तरी सांगतो.

आमच्या वडिलांचा वस्तरा आमच्याकडे आहे आणि त्यांचा चामोटाही होता. चामोटा म्हणजे कातड्याचा तो लांब पट्टा, ज्यावर वस्तरा परजतात. वडील रोज सकाळी तो खुंटीला अडकवून ताणून धरीत आणि वस्तरा वर-खाली फिरवीत. त्यांचा हात गेला, आमचा हात तसा बसला नाही. काही वर्षांपूर्वी आषाढीची वारी करून आम्ही परतलो, तर वस्तरा गालावर ओढू लागला. मोटारी दुरुस्त करणारे एक ओळखीचे गृहस्थ म्हणाले, ‘बुवा, आमच्याकडे व्हॉल्व्ह घासायचा लेप आहे, लोखंडाला लोण्यासारखा कापतो.’ आम्हांला वाटले, जितका लेप जोरकस तितकी धार चांगली. डबी घेतली आणि वडिलांच्या चामोट्यावर बोटभर लेप चोपडला. दुसऱ्या दिवशी हनुवटीवरून रक्ताच्या धारा लागल्या.

त्याच आठवड्यात दुसरी एक गोष्ट घडली होती. आमच्या दिंडीत एक टाळकरी होता. वीस वर्षे त्याने आमच्यामागे टाळ धरिला होता. गडचिरोली जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे, पण मोहाचे झाड काही कायदा वाचून फुलत नाही. त्या वर्षी त्याची शेती बुडाली, मुलाचे आजारपण निघाले, आणि सुटलेली सवय त्याला पुन्हा लागली. आम्हांला हे कळले. सप्ताहाच्या कीर्तनात, भर सभेत, आम्ही त्याच्याकडे पाहून म्हणालो, ‘ज्याच्या गळ्यात माळ आणि तोंडाला वास, त्याने टाळ खाली ठेवावा!’ बायकांच्या बाजूला त्याची मंडळी आणि लेक बसली होती. त्याने टाळ खाली ठेवला. कोणाकडे पाहिले नाही. मंडपाबाहेर गेला. सकाळी देवळाच्या खुंटीला त्याची माळ टांगलेली दिसली. गावातील चार प्रतिष्ठित मंडळी म्हणाली, ‘बुवा खरे बोलले.’ आम्हांलाही तसेच वाटले, आणि त्या खरेपणाचा थोडा गर्वही झाला.

तर असा हनुवटीला फडके लावून आम्ही बाजारात त्या म्हाताऱ्याकडे गेलो. वस्तरा आणि चामोटा त्याच्यापुढे ठेविला. त्याने चामोट्यावरून अंगठा फिरवला, बोटांत लेप चोळला आणि विचारले,

‘याले काय लावलं जी तुमी?’

आम्ही सांगितले. तो हसला नाही. म्हणाला, ‘महाराज, हे मोटारीचं औषद. जादा जोराचं लावलं म्हनजे जादा धार येते, असं नसते. याचा कन जाडा आहे. धारेले करवतीसारखे दात पाडले यानं. तेच दात तुमाले लागले.’

मग त्याने वस्तरा उन्हात तिरपा धरिला. म्हणाला, ‘पयले पाहाचं, धारेले झालं काय. वाकली असन, तर कोरं चामडं पुरते. थकली असन, तर हिरवं लावाचं. तुटली असन, तर सिल्ली. तुमची तर नुसती वाकली असन, आन् तुमी तिले तोडली.’

वाचकहो, या तीन वाक्यांत त्या विद्येचे सार आहे. आम्ही नंतर इतरांस विचारून आणि वाचून जे समजून घेतले, ते येथे थोडे विस्ताराने सांगतो.

वस्तऱ्याची धार इतकी पातळ असते की एका हजामतीतच ती सूक्ष्म मानाने वाकते, मुडपते. तिला सरळ करण्यास कोरे चामडे पुरते. चामोटा ताणून धरावा, वस्तरा आडवा ठेवावा, पाठ पुढे आणि धार मागे अशी ओढ द्यावी. टोकाशी आल्यावर वस्तरा पाठीवर उलटवावा. धारेवर उलटविला तर चामडे कापले जाते. हाताचा दाब देऊ नये. अशा तीस-चाळीस ओढी रोज झाल्या तर धार पुष्कळ दिवस टिकते.

काही आठवड्यांनी मात्र कोऱ्या चामड्याने काम भागेनासे होते. धार सरळ असते, पण बोथट होऊ लागलेली असते. तेव्हा लेप हवा. लेप म्हणजे एखाद्या कठीण पदार्थाची अत्यंत बारीक पूड, मेण किंवा चरबी किंवा तेल यांत कालविलेली. पदार्थांचा कठीणपणा मोजण्याची एक पायरी मोह्स नावाच्या खनिजशास्त्रज्ञाने १८१२ साली घातली. तीत हिरा दहावा. त्या पायरीवर लोखंडाची तांबडी पूड, जी सोनार झळाळीसाठी वापरतात, ती साडेपाच ते साडेसहा. तिचे काम फार सौम्य. क्रोमियमची हिरवी पूड आठ ते साडेआठ. कुरुंद नऊ. आमच्या शेजारच्या भंडारा जिल्ह्यात पोहऱ्याच्या बाजूला कुरुंद सापडतो. संस्कृतातला ‘कुरुविंद’ आणि तमिळातला त्याचाच भाऊबंद शब्द, यांवरूनच इंग्रजांनी त्या दगडाचे नाव घेतले. मोटारवाल्यांच्या लेपात बहुधा सिलिकॉन कार्बाइड असते. ते नवाच्याही वर.

येथे आमच्यासारखे लोक फसतात. आम्ही कठीणपणा पाहिला, कण पाहिला नाही. वस्तऱ्याच्या चांगल्या हिरव्या लेपाचा कण सुमारे अर्ध्या मायक्रॉनचा असतो. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड धरावा. व्हॉल्व्हच्या लेपाचा कण त्या हिरव्या कणाच्या कितीतरी पट मोठा. हिरा सर्वांत कठीण, पण पाव मायक्रॉनची हिऱ्याची पूड मिळते आणि ती वस्तऱ्याला चालते. गंज न धरणाऱ्या कठीण पोलादाला तर ती विशेष उपयोगी. मात्र ती लवकर कापते, म्हणून हात राखून चार-सहा ओढीच द्याव्यात. उलट, कठीणपणात कमी असलेली वस्तूही कण जाड असला तर घात करते. आमच्या या धानाच्या मुलखात काही जण तुसाची राख लावतात. तुसाच्या राखेत बहुतांश वाळूचेच तत्त्व असते. सागवान कापताना करवत लवकर बोथटते, त्याचेही एक कारण सागात असलेले हेच तत्त्व. भांड्याला ती राख उत्तम, वस्तऱ्याला नव्हे.

आपल्याकडचा गेरू लावावा काय, असे आम्ही त्या म्हाताऱ्याला विचारले. सुरजागडच्या डोंगरापासून इकडे लोहदगडाला तोटा नाही. तो म्हणाला, ‘लावा, पन निथरून.’ म्हणजे गेरू कुटून पाण्यात ढवळावा. जाड खडा आधी तळाशी बसतो. वरचे गढूळ पाणी दुसऱ्या भांड्यात ओतावे, ते पुन्हा स्थिर ठेवावे, पुन्हा वरचे ओतावे. असे अनेक वेळा केल्यावर जे शेवटी हळूच खाली बसते, तेच लेपाच्या कामाचे. एक जाड खडा राहिला तर सारी पूड वाया.

बाजारची हिरवी वडी घेतली तरी ती वस्तऱ्यासाठीच आहे ना हे विचारून घ्यावे, कारण भांड्यांच्या झिलईच्या हिरव्या वड्यांत कुरुंदाची जाड पूडही मिसळलेली असते. लेप पुसट लावावा, थर देऊ नये. दहा ओढी पुरेत. फार झाल्या तर धारेची कड गोल होते. आणि लेपाचा पट्टा कोऱ्या चामोट्याहून निराळा ठेवावा. लेपावरून काढलेला वस्तरा पुसून मगच कोऱ्यावर न्यावा.

या निराळ्या पट्ट्यासाठी म्हाताऱ्याने चामडे सांगितले नाही. ‘सावरीची पट्टी घ्या,’ म्हणाला, ‘मऊ असते, लेप धरून ठेवते.’ सावर म्हणजे आपली काटेसावर. माघ-फाल्गुनात जंगलात पाने टाकून लाल फुलते ती. हे ऐकून आम्ही चकित झालो, कारण हीच गोष्ट आम्ही तरुणपणी पाठशाळेत वाचली होती आणि विसरलो होतो. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील आठव्या अध्यायात शस्त्रांची धार लावण्यास उडदाच्या रंगाची गुळगुळीत शिळा सांगितली आहे, आणि लागलेली धार टिकविण्यास शाल्मलीची फळी. शाल्मली म्हणजे सावरच! कोणत्या शस्त्राला किती धार हवी हेही तेथे आहे: कोणाला मसुरीइतकी, कोणाला अर्ध्या मसुरीइतकी, कोणाला केसाइतकी, तर कोणाला अर्ध्या केसाइतकी. सर्व शस्त्रांना एकच धार सांगितलेली नाही. ज्या ग्रंथाचे आम्ही श्लोक म्हणत होतो, त्याचा अर्थ त्या पोत्यावर बसलेल्या, अक्षरशत्रू म्हणविणाऱ्या वृद्धाच्या हातात होता.

शेवटी आम्ही विचारले, ‘बाबा, या चामोट्याचे काय करू?’

त्याने चामोटा गुंडाळून आमच्या हाती दिला. ‘ठेवा घरी आठवन म्हनून. याच्यावर आता वस्तरा नका लावू. जाडा कन एकदा चामड्यात रुतला का निंगत नाई, महाराज. धुवा, पुसा, काईबी करा.’

आमच्या वडिलांच्या हाताने मऊ झालेले ते चामडे होते. रडू आवरून आम्ही उठलो. चार पावले गेलो आणि वाटेतच थांबलो. कारण चामड्याबरोबर दुसरे काहीतरी डोळ्यांपुढे आले. देवळाच्या खुंटीवरची ती माळ.

सज्जनहो, कीर्तनकाराचा वस्तरा म्हणजे त्याची जीभ. ती लोकांच्या गळ्यावरून रोज फिरते, आणि लोक विश्वासाने मान पुढे करतात. गीतेच्या सतराव्या अध्यायात भगवंतांनी वाणीचे तप सांगितले आहे. त्यात बोलणे सत्य असावे हे आहेच. पण ते उद्वेग न करणारे असावे, प्रिय असावे आणि हिताचे असावे, हेही त्याच श्लोकात आहे. आम्ही त्यांतील एक पद घेतले आणि तीन टाकली. आमचे वाक्य सत्य होते, म्हणजे पदार्थ कठीण होता. पण कण जाड होता. जे शब्द त्याला एकांतात, त्याच्या ओसरीवर बसून सांगायचे, ते आम्ही त्याच्या लेकीसमोर सभेत सांगितले. त्याची धार तुटलेली नव्हती. संसाराने थकलेली होती. त्याला सिल्लीची गरज नव्हती.

दारू वाईट नाही असे आम्ही म्हणत नाही. ती वाईटच आहे, आणि जो ती विकून गाव नासवतो त्याला सिल्लीच लागते. तेथे मऊ बोलणे हा भित्रेपणा होईल. परंतु सिल्लीची जागा ओळखावी लागते. आधी वस्तरा उन्हात धरून पाहावे, मग हात घालावा. ज्याचा नेम नुसता वाकला आहे त्याला चार दिवसांची संतसंगती पुरते. ज्याची श्रद्धा थकली आहे त्याला निथळून घेतलेला, बारीक, हिताचा शब्द हवा. तोही थोडा, दहा ओढींचा. आईबापांनी मुलांशी, सासूने सुनेशी, गुरूने शिष्याशी बोलताना हे ध्यानात धरावे. आमचा जाड शब्द एकदा मनात रुतला की तो निथळून काढणारा कोणी नाही.

आम्ही त्याच संध्याकाळी त्या टाळकऱ्याच्या घरी गेलो. पाया पडू लागलो तर त्याने हात धरिले. म्हणाला, ‘तुमी खोटं नाई बोलले, महाराज.’ एवढेच बोलला. लेकीने पाणी आणून दिले, पण मान वर केली नाही. पुढच्या आषाढीला मंडळी बल्लारशाहला गाडी धरायला निघाली तेव्हा त्याची वाट पाहिली. तो आला नाही. गेल्या वर्षी सेनामहाराजांच्या पुण्यतिथीला तो मंडपाच्या शेवटच्या खांबाशी उभा होता. टाळ घेतला नाही. कीर्तन संपेपर्यंत मात्र गेला नाही. त्याची माळ अजून खुंटीलाच आहे, ती कोणी हलवू नये असे आम्ही पुजाऱ्यांस सांगितले आहे. त्याची टाळकऱ्यांतली जागाही मोकळी ठेवितो. तो कधी परत येईल हे आमच्या हाती नाही.

आता लेपाविषयी त्या म्हाताऱ्याचे शेवटचे सांगणे उरले. तो म्हणाला होता, ‘लेप कोनताबी लावा, शेवट कोऱ्या चामड्यावर करा. लेपावर शेवट नाई करत कोनी.’ लेपाने धार येते, पण ती खरखरीत राहते. कोऱ्या चामड्याने ती गालाला सोसेल अशी होते. परमार्थातही असेच आहे. व्रते, उपवास, प्रायश्चित्ते, वादविवाद, ग्रंथांचे खंडनमंडन हे सारे लेप आहेत; कमीअधिक कणांचे, ज्याला जो मानवेल तो, आणि तोही गरजेपुरता. शेवट मात्र नामावर व्हावा. नामात कण नाही. ते रोज घ्यावे, दाब न देता घ्यावे. वाकलेले मन त्याने सरळ होते. आमच्याच बाबतीत पाहा. त्या सभेत उपदेश करून आम्ही थेट आसनावरून उतरलो होतो. त्या दिवशी नामाचा गजर करून मगच उठलो असतो, तर कदाचित त्याचा टाळही त्यात वाजला असता.

जाता जाता एक व्यवहाराची सूचना. आजकाल सलूनांत प्रत्येक गिऱ्हाइकाला नवे अर्धे पाते लावतात. रक्तातून पसरणाऱ्या रोगांमुळे हे योग्यच आहे, आणि नाभिक बंधूंनी त्यात कुचराई करू नये. परजण्याचा जुना वस्तरा ज्याचा त्यानेच वापरावा, दुसऱ्यास देऊ नये. आमच्याकडे आता नवा चामोटा आहे, सावरीची एक पट्टी आहे, आणि तिच्यावर पुसट हिरवा लेप. वडिलांचा चामोटाही खुंटीला टांगलेला आहे. त्याच्यावर वस्तरा फिरत नाही. कीर्तनाला निघताना आम्ही त्याच्यावरून एकदा बोट फिरवितो. रुतलेला कण बोटाला लागतो, आणि जीभ सांभाळून आम्ही घराबाहेर पडतो.

रामकृष्णहरी!